‘यूज’ या क्रियापदावर चाललेला खटला

इंग्रजी शिकू लागलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच जी क्रियापदे भेटतात त्यांत ‘यूज’ हे एक असते. त्याचा अर्थ विचारला की ‘वापरणे’ असे उत्तर मिळते आणि सगळे पुढे जातात. फार तर नाम म्हणून तो शब्द ‘यूस’ असा उच्चारला जातो आणि क्रियापद म्हणून ‘यूज’ असा, एवढी एक सूचना शिक्षक देतात. मात्र या क्रियापदाचा अर्थ नेमका कोठपर्यंत पोहोचतो, हे ठरवण्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९९३, १९९५ आणि २००७ असे तीनदा निकाल द्यावे लागले. त्यांतल्या पहिल्या खटल्यात, म्हणजे ‘स्मिथ विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात, एका माणसाची ३० वर्षांची शिक्षा या एका शब्दावर टांगलेली होती. येथे तोच खटला अभ्यासासाठी घेतला आहे. सर्वोच्च न्यायालयापर्यंत आलेल्या प्रश्नात घटनेच्या तपशिलांचा वाद जवळपास उरलेलाच नव्हता. काय घडले ते सर्वांना ठाऊक होते आणि जे घडले त्याला ‘यूज’ म्हणायचे की नाही, एवढेच ठरवायचे होते. क्रियापदाचा अर्थ इतका सुटा, इतका उघडा पडलेला सहसा पाहायला मिळत नाही.

घटना अशी. स्मिथ हा इसम एका साथीदारासह टेनेसी राज्यातून फ्लॉरिडात आला होता. तेथे कोकेन विकत घ्यायचे आणि परत जाऊन नफ्यात विकायचे, असा त्यांचा बेत होता. एका मोटेलच्या खोलीत त्याच्याजवळच्या मॅक-१० या बंदुकीची चर्चा झाली. ही बंदूक आकाराने लहान आणि वजनाने हलकी असते, आणि त्याच्याजवळचे शस्त्र आपोआप गोळ्या झाडता याव्यात असा बदल करून घेतलेले होते. खोलीत असलेली त्याची एक ओळखीची बाई पोलिसांची खबरी निघाली. तिच्या माहितीवरून एक पोलिस अधिकारी वस्तू गहाण ठेवून घेणारा दुकानदार असल्याची बतावणी करून खोलीत आला. स्मिथने त्याला बंदूक आणि तिचा सायलेन्सर देऊ केला. अधिकाऱ्याने विचारले की तिच्या बदल्यात काय हवे. त्यावर स्मिथने सांगितले की आपल्याला पैशांऐवजी दोन औंस कोकेन मिळाले तर बरे. अधिकारी कोकेन आणण्याच्या निमित्ताने बाहेर पडला, परंतु स्मिथ त्याची वाट पाहत थांबला नाही. तो गाडीतून निसटला, पोलिसांनी पाठलाग करून त्याला पकडले आणि गाडीत ती बंदूक सापडली.

येथे एक गोष्ट नीट पाहून ठेवावी. त्या खोलीत स्मिथने बंदूक कोणावर रोखली नाही, झाडली नाही, तिचा धाक दाखवला नाही. ती दुसऱ्याच्या मालकीची झालीसुद्धा नाही, कारण सौदा पुराच झाला नाही. बंदुकीच्या बाबतीत त्याने जे काही केले ते एवढेच, की ती किंमत म्हणून पुढे केली.

ज्या केंद्रीय कलमाखाली त्याच्यावर आरोप ठेवला गेला, ते कलम अमली पदार्थांच्या व्यापाराचा किंवा हिंसेचा गुन्हा घडत असताना आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात जो कोणी अग्निशस्त्र ‘यूज’ करतो किंवा ‘कॅरी’ करतो, त्याला मूळ गुन्ह्याच्या शिक्षेशिवाय वेगळी शिक्षा देते. त्या वेळच्या तरतुदीनुसार साध्या शस्त्रासाठी ही जादा शिक्षा ५ वर्षांची होती. शस्त्र मशिनगन असेल किंवा त्याला सायलेन्सर बसवलेला असेल तर ३० वर्षांची. ‘कॅरी’ या दुसऱ्या क्रियापदाचाही पुढे, १९९८ मध्ये, स्वतंत्र खटला झाला, परंतु स्मिथवरील आरोप ‘यूज’चा होता, तेव्हा ‘कॅरी’ येथे बाजूला ठेवू. अपील न्यायालयांमध्ये आधीच फूट पडलेली होती. पश्चिमेकडील नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा विभाग) न्यायालयाने १९८९ मध्येच असा निर्णय दिला होता की बंदुकीचा मोबदल्यासाठी सौदा करणे म्हणजे या कलमाच्या अर्थाने बंदूक ‘यूज’ करणे नव्हे. स्मिथचे प्रकरण ज्या अकराव्या सर्किटमधून आले, तेथे उलट मत पडले.

१ जून १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी स्मिथच्या विरोधात निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले. त्यांची पहिली पायरी आपण कोणीही उचलली असती तीच होती: त्यांनी शब्दकोश उघडला. वेब्स्टरच्या मोठ्या कोशात ‘यूज’चा अर्थ आपल्या सेवेला लावणे, कामाला लावणे असा दिलेला आहे, आणि ब्लॅकच्या विधिकोशात त्यात आणखी भर आहे: लाभ उठवणे, एखाद्या वस्तूच्या साहाय्याने हेतू साध्य करणे. स्मिथने आपली बंदूक कोकेन मिळवण्याच्या कामाला लावली होती की नव्हती? लावली होती. मग त्याने ती ‘यूज’ केली. ‘शस्त्र म्हणून’ असे शब्द कायद्यात कोठेही नाहीत. कायदेमंडळाला तेवढाच संकुचित अर्थ हवा असता तर त्याने तसे लिहिले असते. ओकॉनर यांच्या युक्तिवादातला सर्वांत धारदार भाग मला पुढचा वाटतो. ‘बंदूक यूज करणे’ यात ती शस्त्र म्हणून वापरणे समाविष्ट आहे असे म्हणणे ही एक गोष्ट आणि त्यामुळे बाकीचे सगळे वापर वगळले गेले असे म्हणणे ही दुसरी गोष्ट, असे त्या बजावतात. समावेश आणि वगळणूक यांतला हा फरक भाषेबद्दल बोलताना फार सहज निसटतो.

न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी विरोधी मत लिहिले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स आणि सूटर त्यांच्यासोबत होते. स्कॅलिया यांचे उदाहरण आता कायदा आणि अर्थविचार यांच्या वर्गांत नेहमीचे झाले आहे. कोणी तुम्हाला विचारले, ‘डू यू यूज अ केन?’, तर तुमच्या दिवाणखान्यात आजोबांची चांदीच्या मुठीची काठी शोभेला ठेवलेली आहे का, हे त्याला विचारायचे नसते. तुम्ही चालताना काठीचा आधार घेता का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. त्याच न्यायाने बंदूक ‘यूज’ करणे म्हणजे ती बंदूक ज्यासाठी असते त्यासाठी, म्हणजे शस्त्र म्हणून, वापरणे. त्यांचे दुसरे उदाहरण कमी प्रसिद्ध आहे, पण मला ते अधिक पटते. एका साक्षीदाराने पूर्वी कधी तरी आजोबांची एनफिल्ड रायफल एका संग्राहकाला विकली आहे. सरकारी वकील त्याला विचारतो की तू कधी बंदूक ‘यूज’ केली आहेस का, आणि तो ‘नाही’ म्हणतो. त्याने खोटी साक्ष दिली असे कोण म्हणेल? बहुमताबद्दलचा त्यांचा आक्षेप एका वाक्यात सांगता येतो: शब्द कसा वापरता येऊ शकतो आणि तो सामान्यतः कसा वापरला जातो, यांतला भेद न्यायालयाच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

ओकॉनर यांनी काठीला काठीनेच उत्तर दिले. अमेरिकेच्या इतिहासातला काठीचा सर्वांत कुप्रसिद्ध ‘यूज’ चालण्यासाठी मुळीच नव्हता, असे त्यांनी सांगितले. संदर्भ १८५६ चा होता. दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांना खुद्द सिनेटच्या सभागृहात काठीने झोडपून काढले होते. काठीने मारण्यासाठी इंग्रजीत ‘केन’ हेच क्रियापद रूढ झाले, हेही त्यांनी जोडले. उत्तर हजरजबाबी आहे, पण ते जरा बाजूने निघून जाते. ब्रुक्स यांनी काठी मारायला वापरली हे आपल्याला कळते ते सगळा प्रसंग सांगितला जातो म्हणून. नुसते ‘ब्रुक्स काठी वापरत’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रक्तबंबाळ समनर येत नाहीत. चालताना टेकू घेणारे ब्रुक्स येतात.

आणि प्रकरणाची गाठ नेमकी येथे आहे. ‘यूज’ हे क्रियापद स्वतः फार थोडे बोलते. बाकीचे ते कर्माकडून उसने घेते. ‘चष्मा वापरणे’ म्हणजे तो लावून पाहणे, ‘खोली वापरणे’ म्हणजे तीत राहणे किंवा काम करणे, ‘पैसे वापरणे’ म्हणजे ते देऊन टाकणे. प्रत्येक वाक्यात क्रिया निराळी आहे, आणि ती कोणती हे वस्तूच सांगते, कारण ती वस्तू कशासाठी असते हे आपल्याला ठाऊक असते. अर्थशास्त्र नव्हे, तर भाषेतल्या अर्थाचे शास्त्र शिकवणारे लोक नामाच्या अर्थात दडलेल्या या ‘कशासाठी’ला ‘टेलिक’ भूमिका असे म्हणतात. जेम्स पुस्तेयॉव्स्की यांनी ही कल्पना १९९० च्या दशकात व्यवस्थित मांडली. वस्तूचा नेहमीचा हेतू सोडून दुसरा अभिप्रेत असेल तर बोलणाऱ्याला जादा शब्द खर्चावे लागतात: पुस्तक उशी म्हणून वापरले, नाणे पेचकस म्हणून वापरले. ‘म्हणून’ काढून टाका आणि नुसते ‘पुस्तक वापरले’ म्हणा. उशी नाहीशी होते. इंग्रजीतला ‘अ‍ॅज’ हेच काम करतो. ओकॉनर म्हणतात की ‘शस्त्र म्हणून’ हे शब्द कायद्यात नाहीत, म्हणून अर्थ मोकळा आहे. भाषेचा व्यवहार पाहिला तर त्याच्या उलट दिसते: ‘म्हणून’ची गरज पडते ती आडवाटेच्या वापरासाठी, सरळ वापरासाठी नाही. जो अर्थ न सांगता कळतो तो लिहिलेला नसतो, यात नवल नाही.

मराठीत हा वाद मांडून पाहिला की आणखी एक गोष्ट नजरेस येते. ‘त्याने बंदूक वापरली’ हे वाक्य ऐकून कोणालाही देवघेव सुचत नाही. एक तर गोळी सुटली असेल किंवा धाक दाखवला गेला असेल. ‘बंदुकीचा उपयोग केला’ म्हटले की पट्टा थोडा रुंद होतो. ‘बंदूक उपयोगात आणली’ किंवा ‘बंदुकीचा उपयोग करून घेतला’ म्हटले तर स्मिथचा सौदाही त्यात बसवता येतो, जरी थोडा ओढूनताणून. तृतीयेचे रूप घेतले तर गंमत होते. ‘पैशांनी कोकेन घेतले’ म्हणजे पैसे देऊन घेतले, पण ‘बंदुकीने कोकेन घेतले’ म्हणजे बंदूक देऊन नव्हे, तर बंदूक रोखून. प्रत्यय एकच, तरी नाम बदलले की कृती बदलते. स्मिथने जे केले ते मराठीत सांगायचे तर ‘बंदूक देऊन’ असेच म्हणावे लागते, आणि असे म्हटल्यावर ‘वापरणे’ वाक्यातून आपोआप गळते. म्हणजे अनुवादकाला या कलमाचे भाषांतर करताना निकाल आधीच द्यावा लागेल: ‘वापरील’ लिहिले तर स्कॅलिया, ‘उपयोग करील’ लिहिले तर ओकॉनर. इंग्रजी शब्दाला दोन्ही अंगे एकत्र ठेवण्याची मुभा आहे. मराठीत ती सहजी मिळत नाही. जाता जाता एक योगायोग: ‘वापर’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘व्यापार’ या शब्दात सांगितले जाते. संस्कृतात त्याचा मूळचा अर्थ हालचाल, उद्योग असा. व्याकरणकार तर धातूचा अर्थ सांगताना ‘फल’ आणि ‘व्यापार’ अशी दोन अंगे धरतात. खरेदी-विक्रीचा अर्थ मागाहून चिकटला. व्युत्पत्तीवर निकाल देण्याची पद्धत असती तर ओकॉनर यांना मराठीचाही आधार मिळाला असता.

तथापि बहुमताची बाजू केवळ कोशावर उभी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचा खरा बळकट आधार त्याच कायद्याच्या शेजारच्या पोटकलमात होता. ते पोटकलम गुन्ह्यात ‘यूज’ झालेली किंवा ‘यूज’ करण्याच्या हेतूची शस्त्रे जप्त करण्याविषयी आहे, आणि ज्या गुन्ह्यांची यादी तेथे दिली आहे त्यांत शस्त्रांच्या बेकायदा विक्रीचे आणि हस्तांतराचे गुन्हेही येतात. अशा गुन्ह्यात बंदूक ‘यूज’ होते म्हणजे ती विकली जाते. तिथे ती कोणी झाडत नाही. एकाच कायद्यात, एका पोटकलमात ‘यूज’चा अर्थ सौदा करणे असा धरायचा आणि लगतच्या पोटकलमात तो नाकारायचा, हे कसे जमणार? स्कॅलिया यांचे उत्तर असे की संदर्भ बदलला की एकाच शब्दाचा अर्थ बदलू शकतो. ते उत्तर भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे, पण येथे ते मला किंचित लंगडे वाटते. शेजारच्या वाक्यातला पुरावा कोशातल्या पुराव्यापेक्षा जवळचा असतो. ओकॉनर यांनी धोक्याचा मुद्दाही मांडला: मोबदला म्हणून आणलेली बंदूक क्षणात चलनाची तोफ होऊ शकते. हा मुद्दा धोरणाचा आहे, अर्थाचा नाही. स्कॅलिया यांच्या मताचा शेवट मात्र जुन्या दंडविधीच्या तत्त्वावर आहे. शब्दाचा अर्थ खरोखर वादग्रस्त असेल, तर शंकेचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे, आणि सहा आणि तीन न्यायमूर्ती ज्या शब्दावर वेगवेगळे बोलतात तो वादग्रस्त नसेल तर आणखी कोणता असेल?

दोनच वर्षांत त्या क्रियापदाने ओकॉनर यांनाही मागे फिरवले. ६ डिसेंबर १९९५ च्या ‘बेली’ खटल्यात दोन प्रकरणे एकत्र होती. एकात पिस्तूल गाडीच्या डिकीतल्या पिशवीत होते. दुसऱ्यात ते शयनगृहातल्या कपाटात, कुलूप लावलेल्या ट्रंकेत होते. सरकारचे म्हणणे असे की शस्त्र जवळपास ठेवून गुन्हेगार धीर मिळवतो, म्हणजे ते ‘यूज’ करतो. या वेळी न्यायालय एकमताने म्हणाले की ‘यूज’ला सक्रिय वापर लागतो, नुसते ठेवणे पुरे नाही. निकालपत्र ओकॉनर यांचेच. त्यात त्यांनी एक वाक्य उदाहरण म्हणून दिले आहे, आणि ते या सगळ्या प्रकरणातले माझे सर्वांत आवडते वाक्य आहे. मराठीत ते असे होईल: ‘घराच्या संरक्षणासाठी मी बंदूक वापरतो, पण ती वापरण्याची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.’ इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘यूज’ आहे, मराठीतही दोन्ही ठिकाणी ‘वापरणे’ चालते, आणि तरीही वाक्य स्वतःला खोडून काढत नाही. पहिल्या भागातले क्रियापद सवयीचे, व्यवस्थेचे आहे: माझ्या घरात संरक्षणाची तजवीज म्हणून बंदूक आहे. दुसऱ्या भागातले क्रियापद घटनेचे आहे: एका क्षणी, एका माणसासमोर, हातात. कलमातला ‘यूज’ दुसऱ्या प्रकारचा आहे, असे न्यायालयाने ठरवले. मात्र ‘सक्रिय वापरा’ची उदाहरणे देताना त्यांनी झाडणे, रोखणे, दाखवणे, मारणे यांच्या रांगेत वस्तुविनिमयही ठेवला; म्हणजे स्मिथचा निकाल शाबूत राहिला. कायदेमंडळाने १९९८ मध्ये कलमात ‘पझेस’ हे तिसरे क्रियापद घातले, गुन्हा पुढे नेण्यासाठी शस्त्र जवळ बाळगणे अशा अर्थाने. ‘यूज’च्या अंगावर टाकलेले ओझे त्या शब्दाने काही प्रमाणात हलके केले.

मग २००७ मध्ये प्रश्न उलटा झाला. ‘वॉटसन’ खटल्यात आरोपीने बंदूक दिली नव्हती. त्याने ऑक्सिकॉन्टिन या अमली वेदनाशामक औषधाच्या २४ मात्रा देऊन पॉइंट ५० कॅलिबरचे पिस्तूल घेतले होते. सौदा तोच, दिशा विरुद्ध. सरकारचा तर्क कागदावर सरळ होता: देवघेवीत देणारा ‘यूज’ करतो, तर घेणारा का नाही? न्यायमूर्ती सूटर यांनी न्यायालयाच्या वतीने उत्तर दिले ते पुन्हा रोजच्या बोलण्यातून. एका मुलाने सफरचंद देऊन ग्रॅनोला बार घेतला, तर त्याने सफरचंद ‘यूज’ केले असे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु ‘त्याने ग्रॅनोला बार यूज केला’ असे कोणी सांगितले, तर कोणी काय कोणाला दिले हे ऐकणाऱ्याला ओळखताही येणार नाही. १९९३ मध्ये स्कॅलिया यांनी ज्या ‘सामान्यतः कसे बोलतात’ या कसोटीचा आग्रह धरला होता, तीच कसोटी आता आठजणांनी, ओकॉनर निवृत्त झाल्यानंतर, लावली होती. फक्त स्मिथच्या निकालाला हात लावला नाही. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकालाशी सहमत होऊन वेगळे मत लिहिले, आणि बंदुकांच्या बाबतीत आता देण्यापेक्षा घेणे बरे, अशी न्यायालयाच्या निर्णयाची चेष्टा करून स्मिथचा निकालच रद्द करावा, असे म्हटले. तो रद्द झाला नाही. आजही मोटेलच्या त्याच खोलीत, त्याच टेबलावर, तीच बंदूक एका बाजूने सरकवणारा माणूस ‘यूज’ करतो आणि दुसऱ्या बाजूने उचलून घेणारा करत नाही. त्याला शिक्षा द्यायची असेल तर सरकारी वकिलाला दुसरे क्रियापद शोधावे लागते.